पात्याखालचा मळ

दसरा उलटला की पुण्याच्या तपकीर गल्लीत गर्दीचा रंग बदलतो. एरवी इथून वायरी, होल्डर, दिव्यांच्या माळा घेऊन माणसं बाहेर पडतात. दिवाळीच्या तोंडावर मात्र कापडी पिशवीत काहीतरी जड घेऊन आत शिरणारे जास्त दिसतात. पिशवीत मिक्सर असतो, त्याच्या वायरीचा वेटोळा वर डोकावत असतो आणि आणणाऱ्याला घाई असते. घरी पिठीसाखर करायची असते, वेलदोड्याची पूड व्हायची असते, चिवड्याचं खोबरं-तीळ भाजून ठेवलेले असतात. तीन दिवस भिजवलेले अनारशाचे तांदूळ तर कुणासाठी थांबत नाहीत.

गल्लीच्या आतल्या अंगाला एक दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, काउंटरमागे एका माणसाला बसता येईल एवढी जागा. भिंतीला खिळ्यांवर रबरी रिंगा, कपलर, पाती, भांड्यांच्या मुठी लटकलेल्या. दुकानदाराला सगळे काका म्हणतात. गिऱ्हाईक यंत्र काउंटरवर ठेवतं आणि सांगायला लागतं, तोवर काकांचा पहिला प्रश्न आलेला असतो, "शेवटचं काय वाटत होतात?" दुसरं काम ते नाकाने करतात. मोटरच्या जाळ्या नाकाशी नेऊन वास घेतात. जळक्या लाखेसारखा उग्र वास आला तर मान हलते. आंबूस वास आला तर हसतात. "ही बिघडलेली नाही हो ताई, मळलेली आहे. माझ्याकडे येतात त्यातली निम्मी अशीच."

त्या काउंटरजवळ थोडा वेळ उभं राहिलं की त्यांच्या म्हणण्यातलं तथ्य पटत जातं. स्वयंपाकघरातल्या या यंत्रांच्या बाबतीत साफसफाई आणि दुरुस्ती ही दोन वेगळी खाती नाहीत. आज जो मळ आहे, तोच सहा महिन्यांनी बिघाड म्हणून दुकानात येतो.

बिघाडातून जन्मलेलं यंत्र

भारतीय मिक्सरची कहाणीच मुळात एका बंद पडलेल्या यंत्रापासून सुरू होते. सत्यप्रकाश माथुर हे सीमेन्समध्ये अभियंता होते. त्यांच्या पत्नी माधुरी यांच्याकडचा जर्मन बनावटीचा मिक्सर बंद पडला. आयातीवर कडक बंधनं असलेला तो काळ, सुटे भाग मिळणं दुरापास्त. शिवाय ते यंत्र युरोपातल्या स्वयंपाकासाठी घडवलेलं. हळकुंड, सुकं खोबरं, भिजलेली डाळ हे त्याच्या गावीही नव्हतं. माथुरांनी आपल्या वाटणाला पुरेल अशी मोटर तयार केली आणि १९६३ साली मुंबईत कंपनी काढली. तिचा 'सुमीत' पुढे इतका रुळला की काही घरांत मिक्सरला सुमीतच म्हणू लागले.

त्याआधी पाटा-वरवंटा होता आणि त्यालाही देखभाल लागायचीच. वाटून वाटून दगड गुळगुळीत झाला की वाटण सरकायचं, बारीक व्हायचं नाही. मग टाकी लावणाऱ्या बाया-बाप्ये दारोदार हाळी देत यायचे, अंगणात बसून छिन्नी-हातोडीने पाट्याला पुन्हा खरखरीत करून द्यायचे. पाट्याचं सगळं अंग डोळ्यांसमोर असायचं. कुठे मसाला अडकलाय, कुठे दगड झिजलाय हे बोटाला कळायचं. मिक्सर आला आणि वाटण्याची जागा झाकणाखाली, पात्याखाली, पात्याचा दांडा ज्यात फिरतो त्या बुशाच्या आत गेली. तिथे बोटही जात नाही आणि नजरही.

फूड प्रोसेसर ही आणखी पुढची पायरी. फ्रान्समध्ये पिएर व्हर्दाँ यांनी 'रोबो-कूप' हे हॉटेलांसाठीचं यंत्र काढलं. त्याची घरगुती आवृत्ती पाहून कार्ल सॉन्टहायमर या अमेरिकी अभियंत्याने १९७३ मध्ये ते 'क्विझिनार्ट' या नावाने अमेरिकेत विकायला आणलं. रुंद भांडं, मधोमध दांडा, त्यावर इंग्रजी एस अक्षरासारखं पातं, वर किसण्या-कापण्याच्या चकत्या आणि भाजी ढकलायची नळी. आपल्याकडे हे रूप बहुतेकदा मिक्सरलाच जोडून आलं. एका मोटरवर चटणीचं भांडंही बसतं आणि कणीक मळायचं भांडंही. लग्नात, वास्तुशांतीला भेट म्हणून ही मोठी खोकी घराघरांत पोचली.

आणि बऱ्याच घरांत ती माळ्यावर गेली. पौड रस्त्याच्या एका सोसायटीत चार घरी स्वयंपाकाला जाणाऱ्या मावशींना विचारलं, तर त्यांनी कारण एका दमात सांगितलं. "कोबी चिरायला मला किती वेळ लागतो? आणि त्या डब्याचे भाग धुवायला किती? भांडं, झाकण, नळी, नळीतला दट्ट्या, चकती, दांडा. एवढं सगळं घासा, पुसा, वाळवा. वहिनी म्हणतात काढू का, मी म्हणते राहू दे." पाहुणे जास्त असतील, गाजराचा हलवा करायचा असेल, तर डबा खाली येतो. दोन वाट्या कोशिंबिरीसाठी नाही.

रबराच्या मागे

काकांनी एक भांडं दाखवायला घेतलं. कोकणातल्या घरातलं, दोन्ही वेळा ओलं खोबरं वाटलं जाणारं. तक्रार अशी की चटणीला काळपट छटा येते आणि भांड्याखाली पाणी पाझरतं. बाहेरून भांडं लख्ख होतं. काकांनी आधी झाकणाचं रबर चमच्याच्या दांड्याने उचकटलं. खाचेत पिवळट, चिकट थर होता. मग भांडं उलटं करून मोटरशी जोडणारा खालचा दातेरी कपलर पकडला, वरून पात्याचा नट सोडवला, पातं आणि दांडा वेगळे केले. बुशाभोवती राखाडी चिखल साचलेला. खोबऱ्याचा चोथा, लसणाचं साल, जुनं वंगण आणि झिजलेल्या धातूची पूड यांचा तो लगदा. "हे पोटात जातं," एवढंच बोलून त्यांनी ते फडक्याने पुसलं आणि गिऱ्हाइकापुढे धरलं.

अमेरिकेतल्या एनएसएफ इंटरनॅशनल या संस्थेने २०१३ मध्ये घरगुती स्वयंपाकघरांतल्या वस्तूंची जंतूंसाठी तपासणी केली, तेव्हा सर्वांत मळकट वस्तूंच्या यादीत ब्लेंडरच्या भांड्याची रबरी रिंग होती. कारण उघड आहे. ती निघते हेच पुष्कळांना ठाऊक नसतं.

म्हणून रोजची सवय अशी असावी. वाटण काढलं की लगेच भांड्यात निम्म्यापर्यंत कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालावा, झाकण लावावं आणि बटण उलट बाजूला फिरवून चार-पाच झटके द्यावेत. याने भिंती आणि पात्याची वरची बाजू निघते. पात्याची खालची बाजू निघत नाही. तिथे दात घासायचा जुना ब्रश किंवा बाटलीचा बारीक ब्रशच लागतो. झाकणाचं रबर आठवड्यातून एकदा काढून घासावं, खाच पुसावी आणि दोन्ही कोरडं झाल्यावरच बसवावं. भांडं झाकण लावून कपाटात ठेवू नये, उघडं ठेवावं. सुटं पातं साबणाच्या पाण्यात बुडवून सिंकमध्ये सोडू तर कधीच नये. पुढचा हात घालणाऱ्याला ते दिसत नाही.

पातं अडकायला लागलं की पुष्कळ जण फोडणीचं तेल सोडतात. शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं तेल हवेने हळूहळू चिकट होतं, त्याचा डिंक बनतो आणि पातं आणखी जाम होतं. खोबरेल त्या मानाने बरं, ते लवकर चिकटत नाही. पण साधारण २४ अंशांखाली ते थिजतं, म्हणून थंडीच्या सकाळी तेच पातं पुन्हा हलायला तयार नसतं. यंत्रासाठीचं, खाण्याच्या वस्तूंना चालणारं वंगण मिळालं तर उत्तम. मुळात बुश झिजला असेल तर कुठलंच तेल कामाचं नाही, तो बदलावा लागतो. पाझरणाऱ्या भांड्यावर आठवडे काढणं सगळ्यांत महाग पडतं, कारण ते पाणी खाली मोटरच्या दांड्याकडे जातं. कपलरभोवतीच्या खोलगट जागेत पाणी बाहेर जायला एक भोक ठेवलेलं असतं. त्यात वाळलेलं पीठ बसलं की पाण्याला आत जाण्याखेरीज वाट उरत नाही.

पीठ, खोबरं, हळद, लवंग

सगळ्या मळाला एकच उपाय म्हणजे कडकडीत पाणी, असा समज घरोघरी आहे. कणकेच्या भांड्यात नेमकं ते उलटं पडतं. गरम पाण्याने पिठातला स्टार्च शिजतो, खळ होते आणि ती पात्याच्या नळीत घट्ट बसते. कणकेचं भांडं गार पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजत ठेवावं, कणीक आपोआप सुटते. खोबरं, शेंगदाणे, तूप, लोणी यांचं याच्या उलट. गार पाण्याने चरबी थिजते, तिथे कोमट पाणी आणि साबण हवा.

हळदीचं गणित तिसरंच. हळदीतला रंग, म्हणजे कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून पिवळं पडलेलं प्लॅस्टिकचं भांडं आधी तेलाच्या बोटाने पुसावं, मग साबणाने धुवावं. साबण लावल्यावर डाग लाल झाला तर दचकू नये. हळद क्षाराने लाल होते, चुना घालून कुंकू करतात ते याच गुणावर. उरलेला पिवळेपणा दोन-चार तास उन्हात ठेवल्यावर बराच फिका होतो, कारण हा रंग उजेडाला टिकत नाही.

लवंग मात्र खरी वैरीण. तिच्या तेलातलं युजेनॉल काही प्लॅस्टिकना धुरकट करतं, त्यांवर बारीक चरे पाडतं. गोडा मसाला प्रोसेसरच्या पारदर्शक भांड्यात दळणाऱ्यांना महिन्याभरात हा अनुभव येतो. खडा मसाला स्टीलच्याच भांड्यात, तोही पूर्ण गार झाल्यावर. मसाला किंवा डाळ गरम असतानाच फिरवली की वाफ कोंडते आणि झाकण उडतं.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढायची सध्या फॅशन आहे. फेस दिसतो झकास, पण आम्ल आणि क्षार एकमेकांना मारतात आणि मागे खारट पाणी उरतं. वास घालवायचा असेल तर नुसता सोडा पाण्यात कालवून लावावा. पांढरा क्षाराचा थर असेल तर नुसतं लिंबू. ॲल्युमिनियमच्या भागांना चिंच-लिंबात बुडवून ठेवू नये. डिशवॉशरची जहाल पावडरही त्यांना काळं करते आणि बुशातलं वंगण धुऊन नेते. भांडं डिशवॉशरमध्ये चालतं असं पुस्तिकेत लिहिलेलं असेल तरच घालावं.

आता मीठ. खडेमीठ फिरवलं की पात्याला धार येते, हे आईने लेकीला आणि शेजारणीने शेजारणीला सांगत आलेलं ज्ञान. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या 'मोह्स' मापावर मीठ अडीचच्या आसपास, अंड्याचं कवच तीनच्या आणि पात्याचं पोलाद पाचच्या वर. मऊ वस्तूने कठीण वस्तूला धार लागत नाही. तरीही मीठ फिरवल्यावर वाटण सुधारतं हे खोटं नाही. मिठाचे खडे पात्यावरचा चिकट थर खरवडून काढतात. पातं बोथट झालेलं नसतं, त्यावर मळ बसलेला असतो. थोडक्यात, मीठ साफसफाई करतं आणि श्रेय धार घेऊन जाते.

लाल बटण, कार्बन आणि कपलर

प्रोसेसर चालूच होत नाही, ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना काका आधी झाकण दाखवायला सांगतात. झाकणाच्या कडेला एक जीभ असते. झाकण फिरवून नीट बसवलं की ती मुठीतली एक बारीक दांडी खाली ढकलते, दांडी खालच्या छोट्या स्विचवर टेकते आणि मगच मोटरला वीज मिळते. उघड्या पात्यात हात जाऊ नये म्हणून ही सोय. पण त्या दांडीच्या खाचेत वाळलेली कणीक बसली की दांडी अर्ध्यात थांबते आणि यंत्र मेल्यासारखं गप्प राहतं. काकांनी प्लग काढून टाचणीने खाचेतलं पीठ उकरलं, ओल्या ब्रशने दांडी वरखाली केली आणि यंत्र गुरगुरलं. गिऱ्हाईक नवीन मोटरच्या तयारीने आलं होतं. स्विचच बाद समजून कुणी तो कायमचा जोडून देऊ लागलं, तर मात्र सरळ नाही म्हणावं. झाकणाविना फिरणारं पातं घरात ठेवण्यासारखं नाही.

मोटर चालता चालता एकदम बंद पडली, तर यंत्राच्या बुडाशी लाल बटण असतं. जास्त भार झाला, मोटर तापली की ते बाहेर येतं आणि वीज तोडतं. भांड्यातलं वाटण कमी करावं, दहा-पंधरा मिनिटं थांबावं, मग बटण दाबावं. ते पुन्हा पुन्हा उडत असेल तर तो इशारा आहे. भांडं गळ्यापर्यंत भरलंय, पाणी कमी पडलंय किंवा पातं जाम आहे. दाण्याचं कूट करताना बटण सलग फिरवलं की मोटरही तापते आणि दाण्याला तेल सुटून गोळा होतो. झटके देत केलेलं कूट मोकळं राहतं आणि मोटरही.

मोटर फिरते, आवाज चढतो, पण पातं फिरत नाही, असं झालं तर कपलरचे दाते गेलेत. तो मुद्दामच मऊ ठेवलेला असतो. पात्यात काही अडकलं तर मोटर जळण्याआधी कपलरने मरावं, ही योजना. बदलायला तो अगदी स्वस्त. काही यंत्रांत त्याचे आटे उलटे असतात, फिरताना सैल होऊ नये म्हणून. हे माहीत नसलेले हौशी लोक पक्कड लावून तो आणखी आवळतात आणि मग दांड्यासकट घेऊन येतात.

राहिला कार्बन. मिक्सरची युनिव्हर्सल मोटर रिकामी फिरताना मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेते आणि तिच्या फिरत्या भागाला, म्हणजे आर्मेचरला, वीज पोचवतात दोन छोटे कार्बनचे ठोकळे. ते घासून घासून झिजणार, हे ठरलेलंच. जाळीतून थोड्या ठिणग्या दिसणं नेहमीचं आहे. दूरदर्शनच्या जमान्यात शेजारच्या घरात मिक्सर लागला की चित्रहारवर आडव्या रेघा यायच्या, त्या याच ठिणग्यांच्या. पण ठिणग्यांचं कडं दिसू लागलं, यंत्र मध्येच आचके देऊ लागलं की कार्बन बदलायची वेळ झाली. बदलायचे ते जोडीनेच. वेळेवर बदलले तर किरकोळ खर्च. रेटून चालवलं की आर्मेचर जळतं आणि नव्या यंत्राची किंमत डोळ्यांपुढे नाचू लागते.

परदेशी जाणाऱ्यांसाठी एक सूचना. या मोटरला ५० किंवा ६० हर्ट्झचा फरक पडत नाही, विजेच्या दाबाचा पडतो. इथला २३० व्होल्टचा मिक्सर अमेरिकेत १२० व्होल्टवर लावला तर मरगळल्यासारखा फिरेल. तिथला इथे लावला तर बघता बघता जळेल. इडलीचं पीठ वाटायला मिक्सर न्यायचाच असेल तर ११० व्होल्टचं मॉडेल इथूनच मागून घ्यावं.

आणि काही गोष्टी दुरुस्त करूच नयेत. पात्याला चीर गेली असेल, रिबिट ढिलं झालं असेल, तर ते पातं टाकून द्यावं. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत क्विझिनार्टच्या सुमारे ८० लाख प्रोसेसरांची पाती परत बोलावण्यात आली. रिबिट मारलेल्या त्या पात्यांचे तुकडे पडून अन्नात जात होते आणि काहींना तोंडाला इजाही झाल्या होत्या. महिन्यातून एकदा पातं उजेडात धरून पाहणं, एवढीच खबरदारी लागते.

धुणारा हात आणि विकत घेणारा हात

काकांची खरी कुरकुर वेगळी आहे. जुन्या यंत्राचे चार स्क्रू काढले की पोट उघडं पडायचं. हल्ली काहींचं बूड खटक्यांनी बंद केलेलं असतं, उघडताना तुटतं. काही भांड्यांचं पातं सुटंच होत नाही, म्हणजे पात्याखालचा मळ काढायची वाटच कंपनीने बंद केलेली. एका मॉडेलचं रबर दुसऱ्याला बसत नाही आणि मॉडेल बंद झालं की रबरही बंद. मग पंचवीस-तीस रुपयांच्या वस्तूपायी अख्खं यंत्र भंगारात.

दुरुस्तीच्या हक्काचा विषय सरकारदरबारी पोचला आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं ही क्षेत्रं तिच्यापुढे ठेवली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात या हक्कासाठीचं संकेतस्थळही सुरू झालं. नवे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. मोबाइलचं काय होईल यावर पुष्कळ बोललं जातं. मिक्सरच्या रबरावर कोणी बोलत नाही, कारण ते रबर धुणाऱ्यांचा आवाज त्या टेबलापर्यंत जात नाही.

आणि तो घरातही फारसा जात नाही. काउंटरवर हे रोज दिसतं. यंत्र विकत घ्यायला येतात ते वॅट विचारतात, भांडी किती मिळतात ते मोजतात, वॉरंटी किती वर्षांची ते पाहतात. झाकणाचं रबर निघतं का, पातं सुटं होतं का, त्याच्याखाली ब्रश जातो का, रबर आणि कपलर वेगळे विकत मिळतात का, हे विचारणारी बहुतेकदा एखादी बाई असते, जिने आधीचं यंत्र स्वतः धुतलेलं आहे. पाडव्याच्या सवलतीत भेट म्हणून आलेला प्रोसेसर माळ्यावर जातो, त्यात यंत्राचा दोष थोडाच असतो. तो ज्याने निवडला त्याला तो धुवायचा नव्हता.

म्हणून या दिवाळीत नवं यंत्र घ्यायचंच असेल, तर दुकानात घरातला धुणारा हात सोबत न्या. आई असेल, बायको असेल, नवरा असेल, नाहीतर कामाला येणाऱ्या मावशी. खोकं उघडायला लावा, एकेक भाग त्यांच्या हातात द्या, सुटा करून पुन्हा जोडायला सांगा. विक्रेता कंटाळला तर कंटाळू द्या. आणि त्या "राहू दे" म्हणाल्या, तर तो सौदा राहू द्या.